फोन घ्यायचा मुहूर्त

ऑगस्ट लागला की माझ्या व्हॉट्सॲपवर एकच प्रश्न फिरून फिरून येतो: "फोन आत्ता घेऊ का थांबू?" विचारणारे कॉलेजचे मित्र असतात, जुन्या ऑफिसातले असतात, मावशीच्या सोसायटीतले काकासुद्धा असतात. मी पुण्यात एका ऑनलाइन विक्रीच्या कंपनीत सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. ॲपवर वस्तूची किंमत दाखवणारी जी यंत्रणा असते, तिच्यावर काम करतो. त्यामुळे मला आतली खबर असणार, असा सगळ्यांचा समज. आतली खबर वगैरे काही नसते. उत्तर साधं आहे, आधीच देऊन टाकतो. अँड्रॉइड फोन घ्यायचा तर घटस्थापनेच्या आसपासचा सेल. मागच्या वर्षीचा आयफोन घ्यायचा तर सप्टेंबरात नवा आल्यावर, त्याच सेलमध्ये. तो चुकला तर २६ जानेवारी. उन्हाळ्यात, जुना फोन चालू असेल तर, घेऊच नका.

हेच उत्तर मी एकदा अण्णांना, म्हणजे वडिलांना, मोठ्या ऐटीत ऐकवलं. अण्णांचं बीड जिल्ह्यात केजला मोबाइलचं दुकान आहे. ते म्हणाले, "फोन घ्यायची वेळ एकच. हातात पैसे असतात ती." मला ते तेव्हा जुन्या दुकानदाराचं बोलणं वाटलं. पुढे कामाचा भाग म्हणून मागच्या दहा वर्षांच्या सेलच्या तारखा एका शीटमध्ये भरत होतो, तेव्हा शेजारच्या रकान्यात सहज घटस्थापनेच्या तारखा टाकल्या. मग मागे मागे जात राहिलो. हा लेख त्या शीटमधून आला आहे.

अण्णांनी दुकान टाकलं २००४ साली. त्याच्या नऊ वर्षं आधी, ३१ जुलै १९९५ला, पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीत केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना फोन लावला होता. भारतातला पहिला मोबाइल कॉल म्हणून तो नोंदला गेला आहे. पण तेव्हा आलेल्या कॉललाही पैसे पडायचे. फोन वाजला तरी माणूस घाबरायचा. केजसारख्या गावात दुकान निघण्याजोगी परिस्थिती आली ती २००३मध्ये. १ मे २००३पासून इनकमिंग फुकट झालं, आणि दोनच महिन्यांनी, जुलैमध्ये, रिलायन्सने 'मान्सून हंगामा' नावाची योजना काढली. ५०१ रुपये भरा, हँडसेट घेऊन जा, बाकीचं महिन्याच्या बिलात. त्याच वर्षी नोकियाचा ११०० आला. टॉर्चवाला.

मला या योजनेचं नाव फार महत्त्वाचं वाटतं. पावसाळा! भारतात कुठलाही शहाणा दुकानदार आषाढात मोठी विक्री काढत नाही. शेतकऱ्याचे पैसे जमिनीत गेलेले असतात, बी-खतात गेलेले असतात, उरलेले शाळेच्या वह्या-दप्तरात. तरीही ती योजना चालली, कारण तिने पैसे आज मागितलेच नाहीत. म्हणजे तेव्हाच दोन वाटा स्पष्ट होत्या. एक तर गिऱ्हाइकाच्या हातात पैसे असतील तेव्हा माल विका, नाही तर पैसे नसतानाही घेता येईल असा हप्ता बांधून द्या. पुढच्या वीस वर्षांत फोनच्या धंद्यात जे जे झालं, ते या दोन वाटांवरच.

अण्णांच्या गल्ल्याचं वर्ष मला पाठ होतं, कारण दहावीपर्यंत संध्याकाळी मी काउंटरवर बसायचो. जूनमध्ये निकाल लागले की थोडी गडबड. वैशाखात लग्नसराई, जावयाला फोन. श्रावणात कव्हर आणि रिचार्ज. पितृपंधरवड्यात सामसूम, अण्णा दुकानाला रंग द्यायचे ते याच पंधरा दिवसांत. आणि मग दसरा. दसऱ्यापासून दिवाळीच्या पाडव्यापर्यंत जे विकलं जाई, त्यावर उरलेलं वर्ष निघायचं. सोयाबीन निघालेलं असायचं, कापसाची पहिली वेचणी झालेली असायची. आणि बीड जिल्ह्यापुरतं सांगायचं तर तिसरा पैसा उचलीचा. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला मुकादम हंगामाआधी जी आगाऊ रक्कम देतो ती उचल. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. दिवाळीच्या मागेपुढे ट्रक-ट्रॅक्टरात बिऱ्हाड भरून हे लोक पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कारखान्यांवर जायचे, आजही जातात. बरीच लेकरं आजी-आजोबांपाशी राहतात. निघायच्या आधी दोन स्वस्तातले फोन घ्यायचे, एक सोबत न्यायला आणि एक म्हातारीपाशी ठेवायला. आमच्या दुकानात या जोडफोनाला वेगळं नावच पडलं होतं, 'कोयत्याचा सेट'.

तर आश्विन महिना खरेदीचा का, याचं एक उत्तर हे. खरीप. साडेतीन मुहूर्तांपैकी दीड, म्हणजे दसरा आणि बलिप्रतिपदा, याच वीस-बावीस दिवसांत बसलेले आहेत, हा योगायोग नाही. पावसाळा संपतो, नद्यांना उतार पडतो, रस्ते वाळतात, धान्य घरात येतं. मराठ्यांच्या फौजा दसऱ्याला सीमोल्लंघन करून मुलूखगिरीला निघायच्या त्यामागेही हाच हिशोब होता. घोड्याला चारा आणि माणसाला दाणा असेल तेव्हाच मोहीम. आपट्याचं पान सोनं म्हणून द्यायची रीत आहे, आणि त्याच दिवशी खरं सोनं, गाडी, फ्रिज घ्यायचीही.

पण शहरातल्या पगारदाराला खरीप कुठला? त्याचा मुहूर्त बोनसचा. दिवाळी बोनस कसा सुरू झाला याचा एक व्हॉट्सॲप फॉरवर्ड दरवर्षी फिरतो: इंग्रजांनी आठवड्याचा पगार महिन्याचा केला, बावन्न आठवड्यांत चार आठवडे बुडाले, म्हणून तेरावा पगार. गणित गोड आहे, पण खरी गोष्ट त्याहून कडू आणि जास्त वाचण्यासारखी आहे. पहिल्या महायुद्धाच्या तेजीत मुंबईच्या गिरणीमालकांना अमाप नफा झाला. महागाईने कामगार हैराण होते. मालकांनी बोनस द्यायला सुरुवात केली आणि काही वर्षं तो देत राहिले. कामगार तो पगाराचाच भाग धरून चालले. मग तेजी ओसरली. १९२३ सालचा बोनस मिळणार नाही असं मालकांनी सांगितलं, आणि जानेवारी १९२४मध्ये गिरण्या बंद पडल्या. दीड लाखाच्या आसपास कामगार संपावर होते. सरकारने मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने निष्कर्ष काढला की असा बोनस हक्क म्हणून मागता येत नाही. मार्चपर्यंत संप मोडला. कामगार हरले.

हक्क म्हणून तो यायला १९६५ उजाडलं. त्या वर्षीच्या बोनस कायद्यात आधी किमान ४ टक्के होते, पुढे ते ८.३३ झाले. शंभराला बाराने भागून बघा, महिन्याचा पगार येतो. याच कायद्यात एक छोटं कलम होतं, ज्याकडे मी शीट भरेपर्यंत कधी लक्ष दिलं नव्हतं. हिशोबाचं वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांच्या आत बोनस द्यायचा. ३१ मार्चला वर्ष संपतं, आठ महिने म्हणजे ३० नोव्हेंबर. दिवाळी कितीही उशिरा आली तरी त्याच्या आतच येते. टीव्हीवाले, फ्रिजवाले, स्कूटरवाले आणि नंतर फोनवाले या पैशाची वाट बघत बसायला शिकले.

आता आयफोनकडे येऊ, कारण "सप्टेंबरपर्यंत थांब" हे वाक्य केजच्या खरिपातून आलेलं नाही. त्याचं मूळ अमेरिकेत आहे. तिथे खरेदीचा हंगाम नोव्हेंबरच्या थँक्सगिव्हिंगपासून नाताळापर्यंत. १९३९मध्ये थँक्सगिव्हिंग ३० नोव्हेंबरला येत होता. दुकानदारांनी ओरड केली की नाताळच्या खरेदीला दिवसच उरत नाहीत. अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी सण एक आठवडा अलीकडे ओढला, २३ नोव्हेंबरला. देशभर गोंधळ माजला. काही राज्यांनी नवी तारीख पाळली, काहींनी जुनी. लोकांनी त्याला 'फ्रँक्सगिव्हिंग' म्हणून हिणवलं. शेवटी १९४१मध्ये कायदा करून नोव्हेंबरचा चौथा गुरुवार ठरवला गेला. दुकानदारांच्या सोयीसाठी सण सरकवता येतो, हे यातलं लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

पहिला आयफोन मात्र या हंगामाला धरून आला नव्हता. २९ जून २००७ला विक्री सुरू झाली, आठ जीबीचा ५९९ डॉलरला. लोक रात्र रात्र रांगेत उभे राहिले. ५ सप्टेंबरला, म्हणजे सत्तर दिवसही झाले नव्हते तोवर, ॲपलने तोच फोन ३९९ला केला. रांगेत उभं राहून घेतलेल्यांनी शिव्यांची लाखोली वाहिली. दुसऱ्याच दिवशी स्टीव्ह जॉब्सने ग्राहकांना जाहीर पत्र लिहिलं आणि १०० डॉलरचं क्रेडिट देऊ केलं. त्या पत्रात त्याने असंही सुनावलं होतं की पुढच्या दरकपातीची वाट बघत बसलात तर कधीच काही घेणार नाही. मला हे पत्र वाचताना गंमत वाटते, कारण आमच्या दुकानातही अण्णा हेच म्हणायचे, फक्त १०० डॉलर द्यायचे नाहीत.

पुढची तीन वर्षं नवा आयफोन जून-जुलैतच येत राहिला. २०११चा आला ऑक्टोबरात, आणि २०१२च्या आयफोन ५पासून सप्टेंबर पक्का झाला. कोरोनाच्या वर्षाचा अपवाद सोडला तर आजतागायत. अमेरिकेच्या नाताळसाठी ठरलेली ही तारीख आपल्याकडे दसऱ्याच्या तोंडावर येऊन पडली. सुरुवातीला फोन इथे यायला महिना-दोन महिने लागायचे. आयफोन ५ भारतात आला २ नोव्हेंबर २०१२ला, दिवाळीच्या दहा-बारा दिवस आधी. आता तो अमेरिकेच्याच दिवशी मिळतो. आणि नवा आला की जुना उतरतो. आयफोन १३ सप्टेंबर २०२१मध्ये ७९,९०० रुपयांना आला. पुढच्या सप्टेंबरात ६९,९००, त्याच्या पुढच्या सप्टेंबरात ५९,९००. एवढी शिस्त एसटीच्या वेळापत्रकातही नाही.

अँड्रॉइडला असा ठरलेला दिवस नाही. तिथे किंमत पहिल्या दिवसापासूनच झिरपत खाली येते. म्हणून तिथे सेलला महत्त्व, आणि सेलची गोष्ट २०१४ची आहे.

मी तेव्हा बारावीत होतो. फेब्रुवारीत मोटोरोलाचा मोटो जी आला, किंमत १२,४९९पासून, आणि तो फक्त फ्लिपकार्टवर. गिऱ्हाइकं अण्णांकडे येऊन मोटो जी मागायची. अण्णा डिस्ट्रिब्युटरला फोन करायचे. डिस्ट्रिब्युटर म्हणायचा, आमच्याकडे येतच नाही. दुकानदाराच्या आयुष्यात मागणी आहे, पैसे आहेत, पण माल त्याला मिळणारच नाही, असं पहिल्यांदा घडत होतं. जुलैत शाओमीचा मी ३ आला, १३,९९९ला. पहिली खेप साधारण चाळीस मिनिटांत संपली, साइट कोलमडली. मी स्वतः वर्गात मागच्या बाकावर बसून रिफ्रेश मारत होतो. मिळाला नाही. हे अण्णांना सांगितलं नव्हतं, आता या लेखात वाचतील.

मग ६ ऑक्टोबर २०१४. फ्लिपकार्टचा 'बिग बिलियन डे'. दहा तासांत दहा कोटी डॉलरची विक्री झाल्याचं कंपनीने जाहीर केलं, आणि दुसऱ्याच दिवशी सचिन आणि बिन्नी बन्सल यांनी ग्राहकांची माफी मागितली. साइट बंद पडत होती, माल क्षणात संपत होता, काही वस्तूंच्या किमती सेलच्या आधी वाढवलेल्या दिसत होत्या. मात्र दसरा होऊन तीन दिवस झाले होते. म्हणजे पहिल्या वर्षी मुहूर्त चुकलाच होता! पुढे त्यांनी तो सुधारला, आणि माझ्या शीटमध्ये जे दिसलं ते असं.

२०१६ला घटस्थापना १ ऑक्टोबरची, ॲमेझॉनचा सेल १ ऑक्टोबरला सुरू. २०१८ला घटस्थापना १० ऑक्टोबर, दोघांचे सेल १० ऑक्टोबर. २०१९ला घटस्थापना २९ सप्टेंबर, दोघांचे सेल २९ सप्टेंबर. माझा आवडता नमुना २०२०चा. त्या वर्षी अधिक आश्विन होता. सर्वपित्री अमावास्या १७ सप्टेंबरला झाली, पण नवरात्र महिनाभर पुढे ढकललं गेलं, १७ ऑक्टोबरला. सेलही निमूटपणे महिनाभर थांबला: फ्लिपकार्ट १६ ऑक्टोबर, ॲमेझॉन १७. अमेरिकी मालकीच्या दोन कंपन्या अधिक मास पाळत होत्या. बंगळुरूच्या कुठल्यातरी मीटिंग रूममध्ये नक्कीच पंचांग उघडलं गेलं असणार.

पाळणं मोडलं २०२१ला. घटस्थापना ७ ऑक्टोबरला होती. फ्लिपकार्टने आधी ७ ऑक्टोबरच जाहीर केली होती. ॲमेझॉनने ४ तारीख सांगितली. फ्लिपकार्टने आपली तारीख ओढून ३ केली. मग ॲमेझॉननेही ३ केली. सेल पितृपंधरवड्यात आला. रूझवेल्टने आठवडा सरकवला होता, इथे चार दिवस सरकले, पण कारण तेच. २०२३ला तर दोघे ८ ऑक्टोबरलाच उघडले, घटस्थापनेच्या आठवडाभर आधी. अण्णा ज्या पंधरवड्यात दुकानाला रंग द्यायचे, त्यातच गावातली निम्मी खरेदी होऊन जायला लागली. नवरात्रात दुकान सजवून बसावं तर गिऱ्हाईक येऊन म्हणे, "शेठ, ह्याला टेंपर्ड ग्लास लावून द्या." फोन आधीच खोक्यातून निघालेला.

२६ जानेवारीचं मूळ आणखी वेगळं. तो मुहूर्त पंचांगातला नाही, सरकारी सुट्टीचा आहे. २००६मध्ये बिग बाजारने त्या दिवशी 'सबसे सस्ता दिन' काढला. दिवाळीनंतर बाजार थंड असतो, सुट्टी मात्र सगळ्यांना असते. गर्दी इतकी उसळली की काही ठिकाणी दुकानं बंद करायची वेळ आली. बिग बाजार आज राहिलं नाही. तो दिवस राहिला, ऑनलाइनवाल्यांनी उचलला. त्याच सुमाराला सॅमसंगचे नवे महागडे फोन येतात आणि आधीच्या वर्षाचे उतरतात, म्हणून जानेवारी दुसऱ्या नंबरवर.

आता माझ्या कामाबद्दल थोडं, कारण "सेलमध्ये खरंच स्वस्त असतं का" हा ठरलेला पुढचा प्रश्न. असतं, पण जो आकडा जाहिरातीत मोठ्या अक्षरात दिसतो, तो फार थोड्यांचा असतो. त्यात मूळ उतार असतो. त्यावर ठरावीक बँकेच्या कार्डाची सूट. त्यावर जुना फोन दिल्याची सूट. आणि 'नो कॉस्ट ईएमआय'. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, असं रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३मध्येच बँकांना बजावलं होतं. तेव्हापासून व्याज लागतं आणि तेवढीच सूट किमतीत दिली जाते, म्हणून ते 'नो कॉस्ट'. व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुमच्याच खिशातून. माझ्या टीमचं काम हे सगळे थर एका सेकंदाच्या आत मोजून स्क्रीनवर एक आकडा दाखवणं. तुमच्याकडे कार्ड नसेल, जुना फोन फुटलेला असेल, तर तुमचा आकडा वेगळा. तो पुढच्या पानावर, छोट्या अक्षरात.

हे कळायला मला एक वर्ष आणि एक जून महिना लागला. २०२०चा. मी नव्या नोकरीत होतो, घरून काम, म्हणजे केजहून. १ एप्रिलपासून मोबाइलवरचा जीएसटी १२वरून १८ टक्के झाला होता. कारखाने बंद राहिल्यामुळे माल नव्हता. आणि जूनमध्ये शाळा फोनवर भरायला लागल्या. अर्ध्या शटरच्या दुकानात माणसं येत होती. जन्मात स्मार्टफोन न घेतलेली माणसं. एक बाई दोन मुलींसाठी आली होती, थोरली नववीत. कारखान्यावरून नुकतीच परतलेली, उचल फिटलेली का नाही याचाही हिशोब लागलेला नव्हता. तिने सगळ्यात स्वस्त फोन विचारला. मी माझ्या हुशारीने सांगितलं, "मावशी, दसऱ्यापर्यंत थांबा, दीड हजारानं उतरंल." तिने माझ्याकडे नुसतं बघितलं. "अन् तवर शाळा काय आंब्याच्या झाडाखाली भरवू?"

अण्णांनी मला आत पाठवलं. तो फोन त्यांनी काय भावाने दिला, ते आजवर सांगितलेलं नाही. उधारीच्या वहीत त्या पानावर फक्त गावाचं नाव आहे.

वर्षाच्या सगळ्यात वाईट महिन्यात, कर वाढलेला असताना, माल नसताना, देशात कितीतरी घरांनी पहिला स्मार्टफोन घेतला. माझ्या शीटमध्ये त्या महिन्यापुढे एकही सेल नाही.

दुकानदारांच्या तक्रारींचं काय झालं तेही सांगितलं पाहिजे. डिसेंबर २०१८मध्ये सरकारने परदेशी पैशावर चालणाऱ्या ऑनलाइन बाजारांसाठी नियम कडक केले, ते फेब्रुवारी २०१९पासून लागू झाले. जानेवारी २०२०मध्ये स्पर्धा आयोगाने फक्त ऑनलाइन मिळणारे फोन आणि मोठ्या सवलती यांची चौकशी लावली. कोर्टकचेऱ्या बरीच वर्षं चालल्या. तोवर अण्णांनी फोनचं एक कपाट काढून तिथे झेरॉक्सचं मशीन बसवलं. २०२२ला मी ऑनलाइन विक्रीच्या कंपनीत लागलो, तेव्हा त्यांनी पेढे वाटले. कोणी विचारलं, पोरगं काय करतं, की सांगायचे, "कॉम्प्युटरमध्ये आहे." त्यापुढे नाही.

सप्टेंबर २०२४मध्ये सेलच्या आधी दोन दिवस मी घरी गेलो होतो. सेल २७ तारखेला उघडणार होता, घटस्थापना ३ ऑक्टोबरची. दुकानात एक कोयता आला, तिशीतलं जोडपं. उचल मिळाली होती. दोन फोन हवे होते, म्हणजे तोच सेट, फक्त आता दोन्ही स्मार्ट, कारण लेकराला व्हिडिओ कॉलवर बघायचं होतं. अण्णांनी ९,९९९चा एक दाखवला. मला माहीत होतं की तोच फोन परवा ८,४९९ला दिसणार आहे. हेही माहीत होतं की तो आकडा कार्डाचा आहे आणि यांच्याकडे कार्ड नाही. मी न राहवून म्हणालो, परवा या, माझ्या कार्डावर मागवून देतो. बाईने विचारलं, "पित्रं हायेत, चालतंय का?" नवरा म्हणाला, "तीन हजार वाचत्याल. पितर काय म्हणणार न्हाईत."

ते गेल्यावर अण्णा बराच वेळ काउंटर पुसत होते. मग म्हणाले, "वीस वर्षांचं गिऱ्हाईक होतं. त्याचा बापबी इथूनच न्यायचा."

मी फोन मागवले. पाच दिवसांनी पार्सल दुकानाच्याच पत्त्यावर आलं. अण्णांनी ते स्वतः उघडलं, चालू करून बघितलं, सिम घातली, ग्लास लावली, आजीच्या फोनात मुलीचा फोटो लावून दिला. ग्लासचे पैसे घेतले नाहीत.

२०२५ला सेल पुन्हा पंचांगावर आला. घटस्थापना २२ सप्टेंबर, सेल २३. त्याच २२ तारखेला सरकारने जीएसटीचे नवे दर लागू केले. टीव्ही स्वस्त झाला, फोनचे १८ टक्के तसेच राहिले. मी ऑफिसात होतो, सेलची रात्र होती, स्क्रीनवर आलेख चढत होता. साडेबाराला अण्णांचा मेसेज आला. शेजारच्या मेडिकलवाल्याचं एक कार्ड, गुरुजींचं एक, अशी त्यांनी आधीच गोळा केलेली होती. सेलमधून आठ-दहा फोन उचलायचे आणि दसऱ्याला काउंटरवर ठेवायचे, डिस्ट्रिब्युटरपेक्षा स्वस्त पडतात, हे तालुक्यातले बरेच दुकानदार आता करतात.

मेसेज एवढाच होता: "तुझं कार्ड कोणत्या बँकेचं आहे?"